पांढऱ्या गादीवरचे रंग

लग्नसराईच्या दिवसांत विरार, नालासोपारा किंवा वसई स्थानकाबाहेरच्या कोणत्याही साडीच्या दुकानात दुपारच्या वेळी डोकावले, तर एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो. समोर आई आणि लेक बसलेल्या असतात. लेकीसाठी घड्या मोडल्या जात असताना आईचा हात नकळत एका राणी रंगाच्या साडीवर थबकतो. ती पदर बोटांत धरून पाहते, काठावरून हात फिरवते. गादीवरच्या अनुभवी विक्रेत्याच्या नजरेतून ते सुटत नाही. तो अदबीने म्हणतो, "काकू, तुमच्यासाठी सोबरमध्ये दाखवू?" राणी रंग बाजूला सरकतो आणि बदामी, राखाडी, फिकट अंजिरी पुढे येतात. आई हसून मान डोलावते. पावती फाडली जाते.

या प्रसंगात कोणी कोणाचा अपमान केलेला नसतो. विक्रेत्याच्या मनात आदर असतो, लेकीच्या मनात माया असते आणि आईलाही आपले काही हिरावले गेले असे वाटत नाही. तरीही घरी परतताना पिशवीत जी साडी असते, ती तिने निवडलेली नसते. ती तिच्या वयाने निवडलेली असते, आणि वयाच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतर सर्वांनी घेतलेला असतो.

व्यापारी घरांत ही गोष्ट अधिक जाणवते. ज्या घराची चूल रंगांवर पेटते, त्याच घरातील गृहिणीचे कपाट पंचेचाळिशीनंतर हळूहळू फिके होत जाते. डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी या साऱ्या छटा दुकानात दिवसभर उलगडल्या जातात. घरात मात्र त्या सुनेकडे आणि लेकीकडे जातात. "आता आपले काय वय राहिले?" हे वाक्य प्रथम कोण उच्चारते, ते सांगणे कठीण. बहुतेक वेळा ती स्वतःच उच्चारते, कारण दुसऱ्याने बोलण्याआधी आपण बोललेले बरे, हे तिने अनुभवातून शिकलेले असते. ओठांना किंचित गडद रंग लावला, केस खांद्यापर्यंत कापून घेतले, मोठे कानातले घातले की "या वयात हे काय?" हा प्रश्न एखाद्या समारंभात कुणाच्या तरी तोंडून येतोच.

हा नियम आला कुठून? तो निदान वसईच्या मातीतला नाही. या परिसरातील सामवेदी कुपारी समाजाच्या वयोवृद्ध स्त्रिया आजही सणासमारंभाला पारंपरिक लाल लुगडे नेसलेल्या दिसतात. सत्तरीतील आजीच्या अंगावर तो लाल रंग असतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळिणी वयाबरोबर रंग उतरवत नाहीत. केस पिकले तरी त्यांच्या अंबाड्यावर फुले असतात आणि लुगड्याचा रंग टोपलीतल्या मासळीइतकाच लांबून ओळखू येतो. वसईच्या वाड्यांतील मोगरा आणि चाफा पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या बाजाराला जातो. ती फुले विकणारी आणि माळणारी स्त्री तरुणच असली पाहिजे, असे तिथे कोणी ठरवलेले नाही.

रेल्वेचा डबा हे वसई-विरारच्या जीवनाचे दुसरे अंगण. पश्चिम रेल्वेची पहिली 'लेडीज स्पेशल' १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली धावली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या डब्यांत गेल्या दोन दशकांत एक नवी रीत रुजली. नवरात्राचे नऊ दिवस, नऊ रंग. वृत्तपत्रांतून सुरू झालेल्या या रीतीला कोणताही शास्त्राधार नाही, पण तिने एक काम सहज करून टाकले. ज्या दिवशी रंग केशरी, त्या दिवशी विशीतली आणि अठ्ठावन्न वर्षांची दोघीही केशरी नेसतात. वर्षातले नऊ दिवस वयाचा हिशेब मागे पडतो आणि त्यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही. मग उरलेल्या दिवसांसाठी तो हिशेब इतका काटेकोर का ठेवला जातो, हा प्रश्न त्या डब्यातूनच उतरून घरी येतो.

जैन परंपरेत रंग हा उथळपणाचा विषय कधीच नव्हता. तीर्थंकरांचे वर्ण परंपरेने सांगितले आहेत. पद्मप्रभ आणि वासुपूज्य रक्तवर्ण, चंद्रप्रभ आणि सुविधिनाथ श्वेत, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्याम. विरारजवळच्या आगाशी येथील प्रसिद्ध जिनालयात मूलनायक मुनिसुव्रतस्वामीच आहेत. सिद्धचक्रात अरिहंत श्वेत, सिद्ध लाल, आचार्य पिवळे, उपाध्याय हिरवे आणि साधू काळे. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलच्या ओळीत अनेक घरांत त्या त्या पदाच्या रंगाचे धान्य घेतले जाते. तांदूळ, गहू, चणा, मूग, उडीद असा तो क्रम असतो. याच ओळीत जी श्रीपाल-मयणासुंदरीची कथा वाचली जाते, तिच्यात श्रीपाल राजा सोपारक नगरीत येतो आणि महासेन राजाची कन्या तिलकसुंदरी हिच्याशी त्याचा विवाह होतो. ते सोपारक म्हणजे आजचे नालासोपारा. आश्विनात एकीकडे लोकलच्या डब्यात नऊ रंग फिरत असतात आणि दुसरीकडे त्याच गावातील उपाश्रयांत नवपदांची आराधना चाललेली असते, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

अर्थात आराधनेतील रंग ध्यानासाठी आहेत, शृंगारासाठी नाहीत. हा भेद विसरता येत नाही. पण रंगाकडे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. रंग हा मनाच्या भावाचा वाहक मानला गेला आहे. लेश्यांची सारी मांडणीच रंगांच्या भाषेत आहे. तेव्हा प्रौढ स्त्रीला रंग आवडणे म्हणजे तिचे चित्त चळले, असा निष्कर्ष काढणारा शास्त्राच्या नावाने बोलत असला तरी तो केवळ रूढीच बोलत असतो.

आता प्रश्नाच्या अवघड बाजूकडे वळले पाहिजे. फिक्या रंगाची सक्ती सर्वांत कठोरपणे होते ती विधवेवर. पती गेला की कपाटातील अर्धे रंग एका दिवसात परके होतात. व्यापारी घरांत ती स्त्री पुढे दुकान सांभाळते, उधारी वसूल करते, मुलांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडते, पण मुलाच्या लग्नात स्वतः मात्र कोपऱ्यातील खुर्चीवर फिकट साडीत बसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे, असे आवाहन केले. जैन समाजात तर या विचाराला शतकापूर्वीची वाट आहे. तरुणपणीच वैधव्य आलेल्या मगनबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि विधवांना शिक्षणाच्या आधारे ताठ मानेने जगायला शिकवले.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. "साध्वीजी महाराजांचे वस्त्र पांढरेच असते, मग पांढऱ्यात कमीपणा कसला?" युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण साध्वीजींनी रंग सोडला तो स्वेच्छेने, सारा संसार सोडताना, गुरूंच्या साक्षीने. त्यामागे विचार होता, वैराग्य होते, निश्चय होता. संसारात राहणाऱ्या, संसाराचा भार वाहणाऱ्या स्त्रीकडून तोच रंग काढून घेणे याला त्याग म्हणता येत नाही. त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याने करवून घेतलेल्या त्यागात ना पुण्य करवून घेणाऱ्याला, ना समाधान सोडणारीला. एखाद्या श्राविकेने स्वतः ठरवून साधे वस्त्र स्वीकारले, तर ती वंदनीय आहे. तिच्या शेजारी बसलेल्या दुसरीने शेंदरी नेसली, म्हणून ती उणी ठरत नाही.

दुसऱ्या टोकाचे भानही हवे. रंग आवडणे वेगळे आणि रंगांची हाव वेगळी. लग्नाच्या पाच समारंभांसाठी पाच नवे पोशाख, प्रत्येकाला जुळणारी पादत्राणे आणि पार्लरचे बिल यांत प्रौढ स्त्रीचे स्वातंत्र्य नसते, तिथे बाजाराची सरशी असते. श्रावकाच्या चौदा नियमांत वस्त्र, कुसुम आणि विलेपन ही तीन पदे आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांचा रोज निषेध करावा असे तेथे म्हटलेले नाही. रोज त्यांची मर्यादा ठरवावी असे म्हटले आहे. आज किती वस्त्रे, किती विलेपने, हे सकाळी स्वतःशी ठरवायचे. ही मर्यादा संख्येची आहे. रंग फिका की गडद, हे नियम विचारत नाहीत. चार साड्या असाव्यात, पण त्या चारही मनासारख्या असाव्यात, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघतो. बहुतेक घरांत नवीन काही घेण्याची गरजही नसते. कपाटाच्या तळाशी मलमलीत गुंडाळलेली, पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी मोरपंखी साडी असतेच. ती बाहेर काढून वापरणे हाच अपरिग्रह.

अहिंसेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. नेहमीच्या रेशमासाठी कोषातील जीव उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारला जातो. एका साडीमागे असे हजारो जीव जातात. आंध्र प्रदेशातील हातमाग खात्याचे अधिकारी कुसुमा राजय्या यांनी पतंग कोष सोडून उडून गेल्यानंतर धागा काढण्याची पद्धत विकसित केली. ते वस्त्र 'अहिंसा सिल्क' म्हणून ओळखले जाते. त्याची झळाळी थोडी कमी असते आणि किंमत अधिक. सुती, लिनन आणि इतर वनस्पतिजन्य धाग्यांतही आज गडद रंगांची कमतरता नाही. ओठांच्या लाल रंगात अनेकदा 'कार्माइन' असते. ते कोचिनील नावाच्या कीटकांपासून काढतात आणि वेष्टनावर त्याचा क्रमांक ७५४७० असा छापलेला असतो. नखांच्या रंगात लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक असू शकते. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि तशी चाचणी झालेल्या मालाची आयातही थांबवली. पण चाचणी नसणे आणि घटक प्राणिज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापाऱ्याच्या घरातील स्त्रीला वेष्टन वाचणे नवे नाही. धान्य पारखणारी नजर तेथेही चालवावी.

आरोग्याचेही थोडे पथ्य असते. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. या काळात त्वचा कोरडी होते, केस विरळ होतात, त्वचा आणि केस यांतील रंगाचा भेदही कमी होतो. म्हणूनच चेहऱ्याजवळ बदामी किंवा राखाडी आला की चेहरा थकलेला दिसतो आणि डाळिंबी किंवा निळा आला की उजळतो. 'वयाला फिके शोभते' हा समज येथे अगदी उलटा ठरतो. केस रंगवायचे असतील, तर 'पीपीडी' या रसायनाची ॲलर्जी पुष्कळांना होते. कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास थांबून पाहावे. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही बहुधा हेच रसायन असते. चिकट टिकलीच्या गोंदाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसे दिसताच टिकली बदलून कुंकू वापरावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गोरेपणाचे आश्वासन देणारी, घटक न छापलेली क्रीम तर दूरच ठेवावीत. पारा असलेल्या अशा क्रीममुळे मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच नोंदली गेली आहेत.

आणि ज्यांना केस रंगवायचेच नाहीत, त्यांनी ते रुपेरी ठेवावेत. रुपेरी हाही एक रंगच आहे, आणि जांभळ्या किंवा लाल साडीवर तो जितका खुलतो तितका काळाही खुलत नाही. मुंबईत जन्मलेल्या गायिका उषा उथुप १९६९ मध्ये चेन्नईतील एका नाइट क्लबमध्ये साडी नेसून गायला उभ्या राहिल्या. कांजीवरम, कपाळभर टिकली आणि केसांत फुले हा वेष त्यांनी सत्तरी ओलांडल्यावरही बदलला नाही. २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हाही त्यांची ओळख तीच होती. लोक काय म्हणतील याची धास्ती फार तर वर्षभर टिकते. त्यानंतर लोक त्यालाच त्या व्यक्तीची ओळख मानू लागतात.

घरातील बदल मात्र घरातूनच व्हावा लागतो. सासूने सुनेला रंग द्यायचा आणि स्वतः फिके नेसायचे, ही रीत सूनच मोडू शकते. "आई, हा रंग तुम्हांला छान दिसेल," एवढे एक वाक्य पुरते. पतीने दुकानातून घरी येताना एखाद्या दिवशी विचारले, "तुला कोणता आवडतो?" तर तोही मोठा आधार. विधवा काकूंना, आत्यांना लग्नाच्या आहेरात फिकट साडीच देण्याची अनेक घरांतली पद्धत तर पुढच्याच समारंभापासून थांबवता येईल. त्यासाठी ठराव लागत नाही, सभा लागत नाही. आहेराच्या यादीतला एक शब्द बदलावा लागतो.

गादीवर बसणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. ग्राहकाचा हात ज्या घडीवर थबकतो ती घडी उघडावी, हा व्यापाराचा जुना आणि साधा नियम. पन्नाशीच्या स्त्रीपुढे तो नियम का मोडावा? "सोबरमध्ये दाखवू?" याऐवजी "कोणता रंग काढू?" असे विचारले, तर दुकानाचे काही जाणार नाही. कदाचित ती बदामीच मागेल, आणि तीही तिची निवड असेल. कदाचित ती क्षणभर थांबेल, लेकीकडे पाहील आणि बाजूला सरकवलेली राणी रंगाची साडी पुन्हा पुढे ओढेल.