सटोडियाचे चरित्र पडद्यावर आणावे काय?

हर्षद मेहतांच्या आयुष्यावर 2020 साली 'स्कॅम 1992' ही मालिका आणि पुढच्याच वर्षी 'द बिग बुल' हा चित्रपट निघाल्यापासून, शेअर बाजारातील कोणत्याही मातब्बर असामीचे नाव निघाले की तिच्यावर चित्रपट निघालाच पाहिजे, अशी सूचना हटकून पुढे येते. सूचना वावगी नाही. मात्र सौदा म्हणजे वहीतला एक आकडा, आणि त्यात कॅमेऱ्याने पाहावे असे काही नसल्यामुळे दिग्दर्शक अखेर नायकाचा समुद्राभिमुख महाल आणि परदेशी मोटार दाखवून वेळ निभावून नेतो. 'स्कॅम' याला पुष्कळसा अपवाद ठरला, कारण सरकारी रोख्यांऐवजी नुसत्या बँक पावत्यांवर कोट्यवधींची रक्कम कशी फिरविली गेली, हे तिने संयमाने उलगडून दाखविले आणि सुचेता दलाल या पत्रकर्त्रीस नायकाच्या तोडीचे स्थान दिले. तरीही तरुणांच्या ओठी राहिले ते नायकाचे संवादच.

माझ्या मते खरा चित्रपट प्रेमचंद रायचंद यांच्या चरित्रात दडलेला आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. त्या कापसापायी मुंबईत जो पैसा लोटला त्याला वाट करून देण्यासाठी नित्य नव्या बँका आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघू लागल्या, आणि या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी सुरतेचे हे जैन दलाल होते. सरकारची भागीदारी असलेली बँक ऑफ बॉम्बेही त्यांच्या शब्दाखातर अपुऱ्या तारणावर कर्जे देई. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सेनेने शस्त्रे खाली ठेवली, कापसाचे भाव गडगडले, आणि 1 जुलैला वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा देणेकरी आणि घेणेकरी दोघेही नादार झालेले होते. त्या बँकेचा 2,850 रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे 87 रुपयांवर आला.

मेहता 31 डिसेंबर 2001 रोजी कैदेत असतानाच वारले. असा शेवट पटकथाकाराला आयताच मिळतो. प्रेमचंद शेठ मात्र सर्वस्व बुडाल्यानंतर चाळीस वर्षे, 1906 पर्यंत, जगले. वैभवाच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेल्या चार लाखांतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला तो 1878 साली, म्हणजे वैभव लयास गेल्यावर. ज्यांच्या ठेवी बुडाल्या, तेही त्याच घड्याळावर वेळ लावीत असतील. याहून बोलके दृश्य कोणता पटकथाकार रचणार?

आणि कथा मुंबईत संपत नाही. तेजीच्या दिवसांत सावकारांनी दख्खनच्या कुणब्यास सढळ हाताने कर्ज दिले, मंदी येताच हात आखडला; सरकारने जमीनमहसूल वाढविला आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर जप्त्या येऊ लागल्या. अखेर मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून त्यांची होळी केली. या दंग्यास इतरही कारणे होती. पण कापसाच्या तेजीचा धागा त्यात निःसंशय आहे.

आमच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या टपरीवर अर्धा चहा निवत ठेवून दुपारी साडेतीनपर्यंत मोबाइलवरील लाल-हिरव्या रेघांकडे टक लावून बसणारा तरुण मला नेहमी दिसतो. शेअरच्या वायदे-ऑप्शनांत उतरणाऱ्या 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तीन वर्षांत तोटाच झाला, असे सेबीने 2024 साली प्रसिद्ध केले. ते 93 जण पडद्यावर कधी येत नाहीत. निर्मात्यांनी आता मेहतांस विश्रांती द्यावी, प्रेमचंद शेठ यांच्यावर चित्रपट काढावा, आणि लांबी वाढली म्हणून सुप्याचा प्रसंग मात्र कापू नये.