चुलीची उष्णता आणि न्हाणीचे पाणी

युरोपातील थंड मुलुखांत लाकडाच्या शेगडीस पाण्याची नळी जोडून एकाच विस्तवावर घर उबदार राखतात व स्नानाचे पाणीही तापवितात. मीरा-भाईंदरकडील उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या आपल्या किनाऱ्यालगतच्या गावांत खोल्या तापविण्याचे कारण नाही. परंतु ऊन पाणी रोज लागते, आणि सरपण जपून वापरणे प्राप्त आहे. तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. ती योग्यच होय. कारण खाडीकाठच्या बांधांना लाटांपासून तीच झाडे राखतात. उरल्या त्या वाडीतील झावळ्या, करवंट्या आणि छाटणीचे लाकूड.

एका विस्तवाकडून दोन कामे करून घेणे आपणांस नवे नाही. चुलीचा वैल त्यासाठीच असतो. तांब्याच्या बंबात मधला नळा विस्तव पोटात घेतो आणि पाणी त्याच्या भोवती राहते. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास ४०० किलोकॅलरी पुरतात. एवढी उष्णता सुमारे १०० ग्रॅम वाळल्या लाकडात असते. साध्या उघड्या चुलीवर मात्र दहातील नऊ हिस्से वाया जाऊन किलोभर लाकूड खर्ची पडते.

म्हणून चुलीच्या धुराच्या वाटेत तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवून ते उंचावरील टाकीस जोडणे हितावह आहे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी खालच्या नळीने परत येते. पंपाची गरज नाही. वेटोळे ज्वाळेत मात्र घालू नये. ज्वाळा थंडावून धूर वाढतो, आणि तो घरातील स्त्रियांच्या छातीत जातो.

याहून मोठा धोका कोंडलेल्या वाफेचा. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला सुमारे १६०० पट जागा लागते. वाट न मिळाल्यास नळी वा टाकी फुटून प्राणहानी होते. बंबाचे नरसाळे उघडे असते, त्यातच त्याची सुरक्षितता आहे. तेव्हा टाकीवर आकाशाकडे उघडी नळी ठेवावी. वेटोळे व टाकी यांमध्ये तोटी बसवू नये. ऊन पाण्याची नळी सतत चढती असावी. आणि टाकी रिकामी असता चूल पेटवू नये.

उघड्या नळीचा खर्च थोडा आहे. ती अनावश्यक आहे असे जो कारागीर सांगेल, त्याच्या हाती आपले घर देऊ नये.