पार्कात कामाला निघालात? आधी ठेकेदाराचं नाव विचारा

उन्हाळा जवळ आला की आपल्या बारामतीच्या सांगवी, शिरवली, पणदऱ्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो: पार्कात भरती, राहणं-जेवण मोफत, लगेच निघा. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आहे, लोणावळ्याला आणि शिर्डीला वेट-एन-जॉय आहे, पुण्याभोवती लहानमोठे वॉटर पार्क आहेत. शाळांना सुट्ट्या लागल्यापासून पाऊस पडेपर्यंत आणि पुन्हा दिवाळीपासून नव्या वर्षापर्यंत अशा ठिकाणी जादा माणसं लागतात. तिकीट खिडकी, लॉकर, खाण्याचे काउंटर, साफसफाई, पार्किंग, राइडवर मदतनीस, पाण्यात लाइफगार्ड. बारावी झालेल्या पोराला यातलं बरंचसं जमतं.

जावं की नाही, असं विचाराल तर जावं. अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायची भीड मोडते, गिऱ्हाईक तापलं तरी आपण कसं थंड राहायचं ते कळतं, स्वतःच्या खात्यावर पहिला पगार जमा होतो. घरच्यांनी उगाच अडवू नये. फक्त एस.टी.त बसण्याआधी चार प्रश्न विचारून घ्यावेत, एवढंच या आवाहनात सांगायचं आहे.

आपल्या भागाला हंगामाचं काम नवीन नाही. दिवाळीच्या सुमारास माळेगावचा कारखाना सुरू होतो आणि ऊस संपला की पट्टा पडतो, गळीत थांबतं. तिथला हंगामी कामगार त्यानंतर घरी बसतो, पण त्याचं नाव पटावर असतं, पीएफ जमा होत असतो, बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता मिळतो आणि पुढच्या गळिताला त्यालाच बोलावणं येतं. हे कुणी मेहेरबानीनं दिलेलं नाही, संघटना आणि करार यांतून मिळवलेलं आहे. पोरगं सांगतं, ‘पार्कात हंगामी लागलोय,’ तेव्हा बापाच्या डोळ्यांपुढे हा कारखान्यातला हंगामी येतो. गफलत होते ती इथेच. पार्कात सुट्टीपुरतं घेतलेलं पोर पुष्कळदा पार्कचं नसतंच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं असतं. गर्दी ओसरली की त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच ऐकायला मिळतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच: मी कुणाचा माणूस, पार्कचा की ठेकेदाराचा? ठेकेदाराचा असाल तर त्याचं नाव, पत्ता, फोन घरी लिहून ठेवा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पार्कवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या श्रमसंहितांतही आहे. पण त्यासाठी तुम्ही तिथे राबलात याचा पुरावा हवा. नेमणूकपत्र मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. ‘दोन महिन्यांसाठी कशाला कागद’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडे जरा नीट बघा. कागद येईपर्यंत ओळखपत्राचा, हजेरीचा फोटो काढून ठेवा. नोंदणी फी, गणवेशाचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे आधीच मागत असतील तर तिथूनच परत फिरा. मूळ गुणपत्रिका आणि एटीएम कार्ड कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही.

पगाराचा आकडा फोनवर ऐकून खूश होऊ नका, हातात किती पडणार ते विचारा. समजा 14,000 सांगितले आणि पीएफ पूर्ण रकमेवर कापला, तर 12 टक्क्यांप्रमाणे 1,680 जातात आणि ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105. उरले 12,215. ही कपात वाईट नाही, पीएफचे पैसे तुमचेच आहेत. मात्र मालकाचा वाटा वेगळा असतो, पीएफचा 12 टक्के आणि ईएसआयचा 3.25 टक्के. काही ठेकेदार तोही पोराच्याच पगारातून वळता करतात, आणि पगाराची चिठ्ठी बघायची सवय नसल्यानं ते कळतही नाही. तुमचा पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि उमंग अॅपवर पैसे भरले जातायत का ते दर महिन्याला बघा. पुढे बारामती एमआयडीसीत लागलात तरी हाच क्रमांक चालतो. ईएसआयचं कार्ड विसरू नका. कामावर इजा झाली तर त्यातून उपचार होतात आणि कामावर जाता येत नाही त्या दिवसांची भरपाई मिळते. जादा वेळेला दुप्पट दर हा कायदा आहे. शनिवार-रविवारी रात्रीपर्यंत थांबवतात तेव्हा आपले तास आपल्या वहीत टिपा. राहणं मोफत म्हणजे एका खोलीत किती जण, हेही आधीच विचारा. चार-पाच जण मिळून गेलात तर उत्तम, एकट्यादुकट्याला दाबणं सोपं जातं.

आता जिवाचं. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळची एक राइड तुटून पडली, दोघं दगावले आणि पुष्कळ जखमी झाले. पोलिसांनी मालकाला धरलं, तसंच ती चालवणाऱ्या ऑपरेटर पोरांनाही धरलं. बटणावर बोट तुमचं असेल तर तुम्हीही जबाबदार धरले जाता. रीतसर शिकवल्याशिवाय पॅनेलला हात लावू नका. सकाळची रिकामी फेरी झाली का, तपासणीच्या वहीत सही कुणाची, हे पाहा. न बघितलेल्या तपासणीखाली आपली सही कधीच करू नका. उंची कमी असलेलं मूल ‘जाऊ द्या हो, लांबून आलोय’ म्हणत आईबाप पुढे ढकलतात, तिथे नाही म्हणणं हेच तुमचं काम. आणि कालव्यात, विहिरीत सूर मारणारी आपली पोरं लाइफगार्ड व्हायच्या मागे लागतात. पोहता येणं वेगळं, बुडणाऱ्यानं गळ्याला मिठी मारली असताना त्याला काठावर आणणं वेगळं. छाती दाबून श्वास परत आणायचं शिक्षण मिळाल्याशिवाय त्या खुर्चीवर बसू नका.

पोरींच्या आईबापांना वेगळं सांगायला हवं. रात्रपाळीला मुलीची संमती लागते आणि सुरक्षेची सोय मालकानं करायची असते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची नावं भिंतीवर लावलेली हवीत. जॉइन होताना सोबत जाऊन ती भिंत आणि राहण्याची खोली बघून या.

कॉलेजवाल्यांनी तारखा जुळवून बघाव्यात. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा कितीदा एप्रिल-मेमध्येच येतात, आणि ऐन गर्दीत सुट्टी मिळत नाही. परीक्षेचे दिवस आधीच लेखी कळवा, जमत नसेल तर दिवाळीचा हंगाम धरा. पार्कच्या भरवशावर शिक्षण सोडणाऱ्याला मात्र माझा साफ विरोध आहे. 1989 पासून गाजलेलं गोराईचं एस्सेलवर्ल्डसुद्धा 2022 मध्ये बंद झालं, तिथे दोन महिन्यांच्या पोराची काय कथा.

निघायच्या दिवशी हिशोब पुरा करून घ्या, शेवटच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला येणार ते लिहून घ्या आणि अनुभवपत्र मागा. पैसे अडकले तर पार्क ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. तासांची वही आणि फोटो तिथे सोबत न्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका.