सागरी सरीसृप केवळ ओहोटीने संपले नाहीत

मा. संपादक,

समुद्रपातळी घटल्यानेच प्राचीन सागरी सरीसृप नष्ट झाले, हे गेल्या अंकातील विधान पुराव्याशी जुळत नाही. मत्स्याकृती इक्थिओसॉर सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी संपले, तेव्हा पातळी उलट अत्युच्च होती आणि अभ्यासक त्यांचा ऱ्हास हवामानातील उलथापालथीशी जोडतात. उथळ समुद्र आटले की अधिवास आक्रसतो, एवढे खरे. तथापि मोसासॉर, म्हणजे सरड्यांचे अजस्र सागरी आप्त, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या अशनिपाताच्या सुमारास लोपले. आमच्या चेणे परिसरातील टेकड्यांत अशा सरीसृपांचे जीवाश्म शोधणेही व्यर्थ आहे, कारण त्या दख्खनच्या लाव्हारसातून घडल्या. याउलट कच्छमधील लोडाई येथील, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला इक्थिओसॉर सागरी गाळाच्या खडकात सापडला. दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, चेणे