शब्दांची कुलचिन्हे

आपली बाराखडी एकदा गिरवली की जगातला कोणताही मराठी शब्द वाचता येतो. पण ज्या भाषेत अक्षरेच हजारो आहेत, तिथली मुले वाचायला शिकतात तरी कशी? चीनच्या शासनाने २०१३ साली चिनी लिपीतील प्रमाण चिन्हांची यादी प्रसिद्ध केली. तीत ८१०५ चिन्हे आहेत. त्यांतली ३५०० अगदी नित्याची. साडेतीन हजार निरनिराळी चित्रे पाठ करायची म्हटली तर आपल्याला घामच फुटेल!

गंमत अशी की ही चित्रे निरनिराळी नाहीतच. ती थोड्याशा तुकड्यांची जुळणी आहे. झाडाचे चिन्ह एकदा काढले तर झाड, शेजारी शेजारी दोनदा काढले तर वन, आणि तीनदा काढले तर घनदाट अरण्य. झाडाशेजारी माणूस काढला की झाली विश्रांती! पण बहुतेक चिन्हांची रीत याहून वेगळी आहे. त्यांत एक तुकडा अर्थाचे कुळ सांगतो आणि दुसरा उच्चार सुचवतो. 'छिंग' असा उच्चार सुचवणारा एक तुकडा आहे. त्याला पाण्याचे चिन्ह जोडले की अर्थ होतो स्वच्छ, सूर्याचे जोडले की निरभ्र, वाणीचे जोडले की विनंती, आणि हृदयाचे जोडले की भावना. उच्चार चारही ठिकाणी छिंगच, फक्त सूर वरखाली. कुळ सांगणाऱ्या या तुकड्याला आपण 'कुलचिन्ह' म्हणू.

शु शन या चिनी पंडिताने इ. स. १०० च्या सुमारास आपल्या कोशात ९३५३ चिन्हे ५४० कुलचिन्हांखाली लावली. १७१६ साली पुऱ्या झालेल्या खांग्शी कोशात सुमारे ४७,००० चिन्हे आहेत, पण कुलचिन्हे मात्र अवघी २१४! शब्द शोधायचा तर आधी त्याचे कुलचिन्ह ओळखायचे आणि मग उरलेल्या भागातल्या रेघा मोजायच्या.

मोठेपणी ही भाषा शिकलेली माणसे आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा ते अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. तिथे ते चिनी शिकले आणि १९४२ साली मृत्यू येईपर्यंत जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. पाचव्या शतकात चिनीत गेलेल्या एका पाली टीकाग्रंथाचे त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने इंग्रजी भाषांतर केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते १९७० साली प्रसिद्ध केले.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात ही चिनी बाराखडी कशाला? त्यासाठी चिनी विद्यार्थ्याच्या भिंतीवरची आवर्तसारणी पाहू. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन, हेलियम या सर्वांच्या चिन्हांत वायूचे कुलचिन्ह आहे. लोखंड, तांबे, सोडियम यांच्या चिन्हांत धातूचे. कार्बन, गंधक, सिलिकॉन यांच्या चिन्हांत दगडाचे. नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच, ब्रोमीन आणि पारा. त्या दोघांच्याही चिन्हांत पाणी आहे! नाव वाचता न आले तरी पदार्थ कोणत्या अवस्थेतला, हे मुलाला आधी कळते. उरलेला तुकडाही पुष्कळदा बोलका असतो. क्लोरीनमध्ये हिरव्या रंगाचा तुकडा आहे आणि ब्रोमीनमध्ये दुर्गंधीचा. ऑक्सिजनचे नाव 'पोषण करणारा' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. आपला 'प्राणवायू' हा शब्द याहून किती वेगळा आहे?

आमच्या कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलात तर रसायनांचे टँकर जाताना दिसतील. त्यांच्यावरची तिरकी चौकट नीट पाहा. ज्वाला असेल तर पेट घेणारा पदार्थ, कवटी असेल तर विषारी. रसायनाचे लांबलचक नाव वाचण्यापूर्वीच अग्निशामक दलाच्या जवानाला त्याचे कुळ समजते. हेही कुलचिन्हच!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मराठी शाळांतून अकरावीला आलेली मुले मी दरवर्षी पाहतो. भिंग हातात दिले तर ती त्याचे नाभीय अंतर अचूक काढतात, पण पाठ्यपुस्तकातला अनोळखी इंग्रजी शब्द पाहून गांगरतात. दोन महिन्यांत 'सायन्स आपल्याला झेपणार नाही' असे काहींच्या मनाने घेतलेले असते. त्यांची बुद्धी कमी नसते. त्यांना शब्द नुसते पाठ करायला शिकवले, उकलायला शिकवले नाही, एवढेच.

आणि आपली मराठी परिभाषा तर उकलण्यासाठीच घडवलेली आहे! 'अभि' म्हणजे कडे, 'अप' म्हणजे दूर. एवढे दोन तुकडे घ्या. किरण एकत्र आणणारे भिंग अभिसारी, त्यांना दूर फाकवणारे अपसारी. केंद्राकडे खेचणारे बल अभिकेंद्री, केंद्रापासून दूर लोटणारे अपकेंद्री. दोन तुकड्यांत चार शब्द आले. आता 'वर्तन', म्हणजे वळणे, घ्या. मागे वळणे ते परावर्तन, मार्गापासून बाजूला वळणे ते अपवर्तन, आणि तेच गुणधर्म पुन्हा पुन्हा फिरून येतात म्हणून आवर्तसारणी.

हीच किल्ली इंग्रजीच्या कुलपालाही लागते. 'आयसोटोप' या शब्दात 'आयसो' म्हणजे सम आणि 'टोपॉस' म्हणजे स्थान, म्हणजेच आपला समस्थानिक. 'आयसो' कळला की भूगोलातील आयसोबार म्हणजे समदाब रेषा आणि आयसोथर्म म्हणजे समताप रेषा, हे वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा 'मराठी शब्द अवघड, सरळ इंग्रजीच पाठ करा' असे म्हणणे मला पटत नाही. 'इंग्रजी नकोच' हेही पटत नाही. ज्याला समस्थानिक उकलता येतो, तो आयसोटोपला घाबरत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. चिनी लिपीत देवमाशाच्या चिन्हाला माशाचे कुलचिन्ह आहे आणि वटवाघळाच्या चिन्हांना किड्याचे! दोघेही सस्तन प्राणी, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे चिन्ह जुन्या समजुतीही जपून ठेवते. विज्ञानातही तसेच घडते. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल निर्माण करणारा. हे नाव लाव्हाझिएने दिले, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही, हे १८१० साली डेव्हीने दाखवले. तरी नाव राहिलेच. 'अ‍ॅटम' म्हणजे न तुटणारा. तो तर केव्हाच फोडला गेला. ११८ क्रमांकाच्या ऑगनेसनला चीनने २०१७ साली वायूचे कुलचिन्ह दिले. पण आजवर त्याचे मोजकेच अणू तयार झाले आहेत आणि तो घन असावा असे गणित सांगते.

म्हणून कुलचिन्हाने कुळ ओळखावे, निकाल मात्र प्रयोगावर सोपवावा. 'परावर्तन' हा शब्द कितीही उकलला तरी आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी आरसा आणि टाचण्याच घ्याव्या लागतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नवी संज्ञा आली की व्याख्येपूर्वी ती फळ्यावर तोडून दाखवा. दोनच मिनिटे लागतात. सम, अप, अभि, परा, मापी, दर्शी अशा तीसेक तुकड्यांचा तक्ता वर्गात लावा. आणि चाचणीत कधीतरी मुलांनी न पाहिलेला शब्द देऊन विचारा, 'याचे कुळ कोणते?' असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तक्त्याची वाट पाहू नका. वहीची शेवटची चार पाने राखून ठेवा. डावीकडे तुकडा लिहा, उजवीकडे त्याचे कुटुंब. आजच्यासाठी एक शब्द देतो, सूक्ष्मदर्शी. यातला 'दर्शी' आणखी कोणकोणत्या उपकरणांच्या नावांत सापडतो? आणि त्यांच्या इंग्रजी नावांत त्या जागी कोणता तुकडा येतो? शोधा पाहू!