सोनपेठला कोरियन हॉटेल चालेल का? आधी हे गणित मांडा



मागच्या महिन्यात सोनपेठहून एका दादांचा फोन आला. "सर, मोक्याचा गाळा मिळतोय. सहा लाख कर्ज काढतो अन् कोरियन फ्यूजन हॉटेल टाकतो. पोरं दिवसभर मोबाईलवर कोरियन सिरीयल बघतात. चालंल ना?"

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुण्यात अशाच एका हॉटेलात मुद्दाम जाऊन जेवलो. तिथं काय दिसलं, ते सांगतो.

आम्ही दोघं होतो. गोचुजांग लावलेला पनीर टिक्का मागवला. गोचुजांग म्हणजे मिरची, तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली लाल चटणी. टोकबोकी मागवली, म्हणजे लाल रश्श्यातले तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे. सोबत किमची. बिल सोळाशेच्या वर गेलं. टिक्का पाच मिनिटांत संपला, टोकबोकी मात्र अर्धी उरली. टिक्का ओळखीचा होता, फक्त चव नवीन. टोकबोकीत ओळखीचं काहीच नव्हतं. बस, सगळा धडा इथंच आहे.

आता पुण्यात हे का चालतं? रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आलीय. कोरियन साहेब लोक आणि त्यांची कुटुंबं पुण्यात राहतात. त्यांच्यासाठी ते रोजचं जेवण आहे. त्यात कॉलेजची पोरं आणि आयटीवाले. रोज नवीन गिऱ्हाईक. सोनपेठला यातलं काय आहे? मोबाईलवर बघणारी पोरं आहेत, पण बघणारा आणि खिशातून पैसे काढणारा हे दोन वेगळे माणसं असतात.

चला, वही घ्या. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. भाडं 8 हजार, आचारी 15 हजार, मदतीला पोरगा 9 हजार, लाईट-गॅस 8 हजार. सहा लाखांचा हप्ता, 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, साधारण 13 हजार. झाले 53 हजार. प्लेट 150 रुपयांची, त्यात माल 60 चा. हातात राहिले 90. म्हणजे महिन्याला 589 प्लेटा, रोजच्या 20, फक्त शून्यावर यायला. घरी 18 हजार न्यायचे असतील तर रोजच्या 27.

"सर, 27 तर सहज जातील!" पहिला महिना जातील. पण महिन्याच्या 810 प्लेटा होतात. गावात 150 ची प्लेट घेणारी 300 माणसं धरली, तरी प्रत्येकानं महिन्यातून जवळपास तीनदा यायला पाहिजे. दर महिन्याला, पाच वर्षं. कुतूहल गिऱ्हाईकाला एकदा आणतं. परत आणते ती सवय. आणि बँकेचा हप्ता कुतूहलावर फिटत नाही.

मग कोरियन सोडून द्यायचं का? नाही. फ्यूजन कसं रुजतं ते बघा. मंचुरियन घ्या. त्याचं श्रेय नेल्सन वांग यांना देतात. 1975 च्या सुमारास मुंबईत त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला घेतला, त्यात सोया सॉस घातला. चव नवी, पण जीभ ओळखीची. आज तालुक्या-तालुक्यात चायनीजची गाडी उभी आहे. अमेरिकेत 2008 साली रॉय चोई यांनी लॉस एंजेलिसमध्ये कोरियन पद्धतीचं मांस मेक्सिकन टाकोत भरून विकलं. हॉटेलातून नाही, ट्रकवरून. म्हणजे ओळखीच्या पदार्थावर एकच नवी चव, आणि सुरुवात चाकावर.

माझं स्पष्ट मत असं आहे. दादांनी गाळा घेऊ नये. आपलं धपाटं घ्यावं. कोरियातही भाज्या घालून असंच तव्यावरचं धपाटं करतात, त्याला जॉन म्हणतात. आपल्या ज्वारीच्या धपाट्याबरोबर दह्याऐवजी तिखट-गोड कोरियन चटणी द्या. दुसरा पदार्थ, तीच चटणी लावलेलं पनीर. बस, दोनच. किंमत 40 ते 60. भाड्यानं गाडा घ्या, बाजाराच्या दिवशी आणि कॉलेज सुटायच्या वेळी उभे राहा. फूड रजिस्ट्रेशन मात्र पहिल्याच दिवसापासून पाहिजे.

आणखी एक. मूळ किमचीत बऱ्याचदा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. आपल्याकडं माळकरी मंडळी किती आहेत, तुम्हाला माहीत आहे. किमची ठेवायची तर घरी शाकाहारी करा आणि पाटीवर तसं ठळक लिहा. बाटली आणली तर मागचं लेबल वाचल्याशिवाय वापरू नका. एका माणसाचा विश्वास तुटला की गावभर व्हायला संध्याकाळ लागत नाही.

तीन महिने एक वही ठेवा. किती प्लेटा गेल्या ते लिहाच, पण त्यातली किती माणसं दुसऱ्यांदा आली तेही लिहा. दहातली चार परत येत असतील तर गाळ्याचा विचार करू. दोनच येत असतील तर चटणी बदला, कर्ज काढू नका.

दादा थोडे नाराज झाले. "सर, गाड्यावर उभं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दादा, गाड्यावर उभं राहिलेल्याला लोक आठ दिवस बोलतात. हप्ता थकलेल्याला पाच वर्षं बोलतात."

तुमच्या गावात कोणता ओळखीचा पदार्थ आहे, ज्यावर नवी चव बसेल? आधी तो शोधा. गाळा नंतर.