क्लच प्लेट आणि 'काकांची ड्रायव्हिंग हॅबिट'

मागच्या शनिवारी शेवगावला घरी गेलो होतो. अंगणात उभ्या गाडीचं ओडोमीटर नानांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. 41 हजार किलोमीटर. म्हणजे दुसऱ्या क्लच प्लेटवर 27 हजार झाले आणि ती अजून ठणठणीत आहे. पहिली 14 हजारांतच गेली होती. गाडी तीच, रस्ते तेच, चालवणारे नानाही तेच. बदलली ती फक्त प्लेट! तेव्हापासून डोक्यात जे काही खदखदतंय ते आज लिहून टाकतो.

आमचे नाना निवृत्त शिक्षक. गाडी शिकले साठीनंतर, पण शिकले हट्टाने. शेवगावला रेल्वे नाही, नगरला (आता अहिल्यानगर, पण घरात अजून नगरच) दवाखान्यात जायचं तर एसटी नाहीतर स्वतःची गाडी. तिसगावावरून करंजी घाट चढून नाना आरामात जायचे. एक दिवस घाटात गाडी नुसतीच रेस व्हायला लागली, ओढेना. क्लच घसरत होता. गाडी अजून वॉरंटीत होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरमधून मला पुण्यात फोन. "सर, क्लच प्लेट जळालीय. काका हाफ क्लचवर चालवतात. ड्रायव्हिंग हॅबिट आहे, वॉरंटीत बसणार नाही." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, करून टाका. अकरा हजारांचं बिल भरलं आणि विषय संपला.

म्हणजे मला तसं वाटलं. नाना गाडी आणायला गेले तेव्हा नातवाच्या वयाच्या एका पोराने चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना क्लच कसा दाबायचा यावर दहा मिनिटं शिकवणी दिली. घरी आल्यावर नानांनी किल्ली खुंटीला लावली. "मला काय जमत नाय बाबा आता." पुढचे चार महिने गाडीला हात लावला नाही. दवाखान्यात जायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विनवण्या. अकरा हजार गेले त्याचं मला काही नाही. पण हे...

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. एखादा बग आला की 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झालाय. पण समोर बसलेला टेस्टर लगेच विचारतो, लॉग कुठाय? पुन्हा करून दाखव. पुराव्याशिवाय 'युजरची चूक' म्हटलेलं कुणी खपवून घेत नाही. मग मोटारीच्या दुकानात आपण ते मुकाट का खपवून घेतो?

मुळात 'प्लेट जळाली' हा पुरावा कशाचा? प्लेट घसरली की तापते, तापली की जळते. म्हणजे जळकी प्लेट हा घसरल्याचा पुरावा झाला. ती *कशामुळे* घसरली, हे त्यातून कळत नाही. पेडलवर पाय ठेवून चालवल्याने घसरते, हे खरंच. पण पेडलचा फ्री प्ले चुकीचा सेट झाला तरी क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. प्रेशर प्लेटची स्प्रिंग कमजोर निघाली तरी घसरतो. इंजिनच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलं तरी घसरतो. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींत ड्रायव्हरचा काय संबंध? त्या तपासायला गिअरबॉक्स उतरवलेला असतानाच बघावं लागतं: फ्री प्ले आधी मोजायचा, सील बघायचं, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचे फोटो काढायचे. आमच्याकडे यातलं काहीच लेखी नव्हतं. महिन्याभराने मी जुनी प्लेट मागितली, तर ती भंगारात गेलेली. पुरावा संपला!

दुसरी गंमत शब्दांची. वॉरंटीच्या पुस्तिकेत साधारणपणे क्लच प्लेटची *झीज* वगळलेली असते. काउंटरवर मात्र तिचं रूपांतर "क्लच वॉरंटीत येतच नाही" असं होतं. झीज आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 14 हजारांत गेलेली प्लेट यातली कुठली, हे तपासून ठरवायचं. आणि ठरवतो कोण? दोष मान्य केला तर ज्याला कंपनीकडून पैसे सोडवून घ्यायची दगदग, क्लेम नाकारला गेला तर स्वतःच्या खिशाला चाट, तोच डीलर. त्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त निदान कुठलं, हे सांगायला नकोच.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या थरथरायच्या. त्यात दोन क्लच आपोआप चालतात, ड्रायव्हरला क्लचचं पेडलच नाही! तरी तक्रार घेऊन आलेल्यांना सांगितलं गेलं की हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम. तीच तक्रार इतर अनेक ग्राहकांची आहे हे कंपनीला ठाऊक असताना. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात खेचलं आणि 2018 मध्ये फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पाय ठेवायला पेडल नाही तिथेही दोष पायाचा, मग नानांचं काय घेऊन बसलात?

आता दुसरी बाजू. हाफ क्लचवर गाडी रेटणारे महाभाग आहेतच, मी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बघतो. ऊस सीझनला ट्रॉल्यांच्या मागे घाट चढताना नानांनीही कधी तसं केलं असेल. दुसरी प्लेट टिकली म्हणून पहिली सदोष होती हे गणितासारखं सिद्ध होत नाही, तेही कबूल. पण माझं म्हणणं एवढंच आहे की आरोप करणाऱ्याने आधी दाखवावं. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत 'तुम्हाला येत नाही' म्हणण्याआधी तर नक्कीच.

आणि मंडळी, आपण अगदीच हतबल नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता. तो 1986 मध्ये आला, आणि 2020 च्या जुलैपासून 2019 चा नवा कायदा लागू झाला. त्यात तुम्ही जिथे राहता वा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, शोरूम कुठे का असेना. मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी 200 रुपये. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण पाठवायला वस्तू तर हवी ना!

म्हणून पुढच्या वेळी, तुमच्या किंवा तुमच्या आईवडिलांच्या गाडीसाठी, एवढं करा. जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. गिअरबॉक्स उतरवताना स्वतः हजर राहा, नाहीतर फोटो मागा. जुनी प्लेट आणि प्रेशर प्लेट घरी आणा. वॉरंटी नाकारली तर कारणासकट लेखी मागा. फोनवर 'हॅबिट' म्हणणं सोपं असतं, सही करून लिहिणं जड जातं. शिवाय 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

मी यातलं एकही केलं नाही. मीटिंगमध्ये होतो ना!

असो. चार महिन्यांनी गावातल्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींना मी नानांच्या शेजारी बसवून पैठणपर्यंत पाठवलं. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "गुरुजींचा पाय चांगलाय." दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर नव्हती.